अब्बांना न चालणारा शब्द

शहलाच्या घरात 'मोहाजिर', म्हणजे फाळणीत हिंदुस्थानातून आलेला उर्दू बोलणारा, हा शब्द कुणी उच्चारत नसे. तशी कुणाला ताकीद दिलेली नव्हती. पण कराचीच्या नाझिमाबादेतल्या त्या दोन खोल्यांत एखादा पाहुणा बोलण्याच्या भरात 'आपण मोहाजिर लोक' असं म्हणून गेला, की अब्बा हातातला कप बशीत ठेवत आणि यंदा उकाडा फारच आहे, असं काहीतरी म्हणत. पाहुणा समजून जाई.

अब्बा म्हणजे मास्तर इकराम हुसैन. सरकारी शाळेत भूगोल शिकवायचे. देशाचा नकाशा ते पुस्तक न उघडता काढत. आधी फळ्याच्या डाव्या टोकाला पश्चिमेचा तुकडा, मग फळ्याच्या पार उजव्या टोकाला पूर्वेचा, आणि मधे सोडलेली काळी मोकळी जागा. एकाहत्तरच्या डिसेंबरात उजवीकडचा तुकडा गेला. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी पोरांना नद्या आणि वारे शिकवले, नकाशा काढला नाही. शहला तेव्हा शाळेत होती. अम्मी त्याच्या आधीच वारलेली. त्यामुळे अब्बांचं हे गप्प होणं पाहायला घरात शहलाच तेवढी होती.

बारावीला तिला इतके मार्क पडले की गल्लीतल्या बायकांनी तिच्या गळ्यात हार घातला. डॉक्टर होणार म्हणून अब्बांनी स्वतः उभं राहून बिर्याणी शिजवली. पण मेडिकलच्या यादीत तिचं नाव आलं नाही. शहरातल्या मुलांसाठी जागा थोड्या, आणि त्यात मार्कांची चुरस अशी की अर्ध्या मार्कानं माणूस खाली जायचा. खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी जागा राखलेल्या, त्यात तिच्याहून कितीतरी कमी मार्कांची मुलं बसली.

"त्यांच्या गावात शाळा नाही, बेटा," अब्बा म्हणाले. "दिवा नाही. आपल्याला दिवा तरी होता. त्यांच्यातला एखादा डॉक्टर झाला तर बिघडलं कुठे?"

"त्यांचं नाही बिघडलं, अब्बा. माझं बिघडलं."

अब्बांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कराची विद्यापीठात रसायनशास्त्राचा अर्ज भरून आले. शहला कुरकुरली नाही. पण तिच्या मनात काहीतरी आंबट होऊन बसलं, ते बसलंच.

मुनीब तिला तिथे भेटला. एकाच वर्गात, एकाच टेबलावर परीक्षानळ्या धुणारा. उंच, हडकुळा, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे इतकं लक्ष देणारा, की समोरच्याला वाटावं आपण फार शहाणं काहीतरी बोलतोय. तो शहराच्या कडेला, ओरंगीच्या झोपड्यांतून दोन बसगाड्या बदलून यायचा. त्याचे वडील मूळचे मुंगेरचे. फाळणीत पूर्व पाकिस्तानात सैदपूरला गेले, रेल्वेत चिकटले. मग बांगलादेश झाला आणि तिथल्या उर्दू बोलणाऱ्यांवर जी वेळ आली ती त्यांच्यावरही आली. मेडिकल त्याचंही हुकलं होतं. फक्त शहलानं जे मनात आंबवत ठेवलं होतं, ते तो मोठ्यानं बोलायचा.

"पंजाब्यांची संघटना आहे. पठाणांची आहे. सिंध्यांची आहे, बलुच्यांची आहे. वसतिगृहात खोली हवी असली तर प्रत्येकाचा कुणीतरी भाई आहे. आपण कोण?"

"पाकिस्तानी," कुणीतरी म्हणालं.

"ते तर सगळेच आहेत. पाकिस्तानी म्हणून खोली मिळत असती तर मी रोज बसला लोंबकळलो असतो का?"

पोरं हसली. अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा होता. कँटीनच्या मागे लिंबाखाली बोटावर मोजण्याइतकी मुलं आणि शहलासकट दोन मुली बसल्या होत्या. संघटना काढायचं ठरत होतं. नावावरून बरीच वादावादी झाली. कुणी म्हणालं 'उर्दू' घाला, कुणी म्हणालं 'शहरी' घाला. मुनीब म्हणाला, "लोक आपल्याला शिवी म्हणून जे म्हणतात, तेच नाव घेऊ. मग शिवी द्यायला त्यांच्याकडे काही उरणार नाही."

असं करून तो शब्द ठरला. शहलानं हात वर केला तेव्हा तिला अब्बांचा बशीत ठेवलेला कप आठवला. पण बस पकडून घरी येताना तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. आपल्याला जे झालं त्याला नाव असतं, आणि ते एकटीचं नसतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

अब्बांना सांगायचं धाडस तिला झालं नाही. ते त्यांना शाळेत कळलं. एका सहकाऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, मास्तरसाहेब, तुमची लेक तर पुढारी झाली. संध्याकाळी ते घरी आले, शेरवानी खुंटीला टांगली, हातपाय धुतले. शहला मसूर निवडत होती. ते तिच्यासमोर चौरंगावर बसले.

"मोहाजिर म्हणजे कोण, सांग बरं."

ती मसुरातले खडे बाजूला काढत राहिली.

"वाटेवरचा माणूस. ज्याचं बिऱ्हाड अजून पाठीवर आहे तो. मी अमरोह्याहून निघालो तेव्हा माझी अम्मी दारात उभी होती. ती म्हणाली, मी नाही येत, या वयात मला कुठे नेतोस. तिला तशीच दारात सोडून मी निघालो. कशासाठी? पोचायला. आणि मी पोचलो, शहला. एवढं एकच काम मी आयुष्यात धड केलं. ते माझं पोचणं तुम्ही पोरं पुसून टाकताय."

"तुम्ही पोचलात, अब्बा. पण आम्हाला अजून दाराबाहेरच उभं ठेवलंय, त्याचं काय?"

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. पण अब्बांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना कुणी परक्यानं भर बाजारात हटकलं. ते उठले आणि नमाजाला निघून गेले. त्या रात्री दोघांनी जेवताना मिठाखेरीज काही मागितलं नाही.

मुनीबला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, मी येतो घरी, मी बोलतो त्यांच्याशी. शहलानं नको म्हटलं. तरी तो आला. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, हातात पेरूंची पिशवी. अब्बांनी त्याला अदबीनं बसवलं, चहा मागवला.

"कुठले तुम्ही?"

"ओरंगीचा. त्याआधी सैदपूर. त्याआधी वडील मुंगेरचे."

"म्हणजे दोनदा निघालात."

"हो. दोनदा."

अब्बांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "धर्मासाठी घर सोडून माणूस हिजरत एकदा करतो, मियाँ. दुसऱ्यांदा करतो ते पळणं असतं."

शहला दारात रिकामा ट्रे घेऊन उभी होती. तिला वाटलं जमीन दुभंगावी. मुनीबनं कप आवाज न करता खाली ठेवला.

"खरंय, मास्तरसाहेब. आम्ही पळालोच. रात्री चालायचं, दिवसा उसात झोपायचं, असं करत नेपाळात गेलो. माझ्या मोठ्या भावाला पळता आलं नाही. तो स्टेशनाजवळच राहिला. त्याला पुरायलाही कुणी थांबलं नाही."

अब्बा उठून आत गेले. स्वयंपाकघरात ते भिंतीला हात टेकून उभे होते, शहलाला दिसत होतं. थोड्या वेळानं ते बिस्किटांचा डबा घेऊन बाहेर आले, डबा मुनीबच्या समोर ठेवला, आणि झाकण उघडून दिलं. माफी बिफी काही मागितली नाही. जाताना मात्र दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "पुन्हा ये."

तो पुन्हा आला. येतच राहिला. दोघं भांडायचे. अब्बा म्हणायचे, तुम्ही एका घराच्या खोल्या मोजताय, घर पडेल. मुनीब म्हणायचा, मास्तरसाहेब, आम्ही ओसरीत झोपतोय, आम्हाला काय फरक पडतो. शहला चहा गाळता गाळता ऐकायची आणि आपलं मन कुणाच्या बाजूनं झुकतंय हे तिचं तिलाच कळायचं नाही. एवढं मात्र कळायचं, की मुनीब आला नाही त्या शुक्रवारी अब्बा दोनदा गच्चीवर जाऊन गल्लीत डोकावून यायचे.

विद्यापीठात मात्र त्यांचे दिवस कठीण होते. आवारावर वर्षानुवर्षं एका जुन्या, बलदंड संघटनेची हुकमत होती. कोण कुणाशी बोलतं, कुठली मुलगी कुठल्या मुलाशेजारी बसते, सगळ्यावर त्यांची नजर. ही मूठभर पोरं त्यांना आधी विनोद वाटली. मग दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत मुनीब आणि मंडळी तंबू ठोकून नव्या मुलांना अर्ज भरून देऊ लागली, पाणी पाजू लागली, आणि तंबूसमोर गर्दी जमू लागली. तेव्हा विनोद संपला.

एक्क्याऐंशी साल उजाडलं आणि हिवाळा सरता सरता एका सकाळी त्या जुन्या संघटनेचे लोक आले. हातात साखळ्या होत्या, हॉकीच्या काठ्या होत्या. शहला एका मुलीला तिच्या अर्जावर फोटो चिकटवून देत होती. तंबू अंगावर कोसळला. कापडाखालून बाहेर येईपर्यंत तिला फक्त आवाज ऐकू आले. बाहेर आली तेव्हा चारपाच जण मुनीबच्या भोवती होते. तो खाली पडलेला, एक हात डोक्यावर धरलेला, आणि ते त्या हातावरच मारत होते. शहला मधे घुसली. तिला कुणी मारलं नाही. एकानं तिला बाजूला सारलं आणि थोरल्या बहिणीला सांगावं तसं म्हटलं, "बाजी, घरी जा. इथं परत यायचं नाही. कुणीच यायचं नाही."

तिनं आणि कँटीनच्या माणसानं मिळून त्याला रिक्षात घातलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिची ओढणी लाल झाली होती. उजव्या हाताची हाडं ठिकठिकाणी मोडली होती. डॉक्टर म्हणाला, हात वाचेल, पण नाजूक काम जमायचं नाही.

संध्याकाळी वॉर्डाच्या दारात अब्बा दिसले. शाळेतून परस्पर घरी जाऊन यखनी, मटणाचं पातळ सार, करून आणली होती. ते खाटेशी बसले, डबा उघडला, आणि चमच्यानं मुनीबला भरवू लागले. त्यांनी शहलालाही असं कधी भरवलं नव्हतं.

"मास्तरसाहेब, राहू द्या. मी घेईन डाव्या हातानं."

"गप. तोंड उघड."

मुनीब रडायला लागला. मार खाताना तो रडला नव्हता. अब्बा चमचा धरून तसेच थांबून राहिले, त्याचं होईपर्यंत.

विद्यापीठ त्यांना बंद झालं ते कायमचंच. शहलानं परीक्षेपुरतं जाऊन पदवी मिळवली. मुनीबला आवारात पाय टाकणं शक्य नव्हतं. अब्बा त्याच्या मागे लागले, बाहेरून परीक्षेला बस, मी नोट्स मिळवून देतो. तो म्हणाला, "आता शिकण्यासारखं जे होतं ते शिकलो. आवारात जागा नसली तर गल्ल्या आहेत, मास्तरसाहेब. आमचे लोक तिथेच राहतात."

त्याच वर्षी ईदनंतर अब्बांनी स्वतःहून विषय काढला. शहलाला म्हणाले, "तो पोरगा माझ्या मताचा नाही. पण माझ्या घरचा झालाय. तुझं काय?" शहलानं मान खाली घातली. निकाह साधाच झाला. मुनीबच्या बाजूनं कुणी वडीलधारं उरलं नव्हतं, तर त्याच्या बाजूनंही अब्बाच बसले. लोक हसले. अब्बा पण हसले.

ओरंगीत टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर घेतलं. मुनीब औषधांच्या दुकानात बसायचा आणि उरलेला सगळा वेळ गल्ल्यांतून फिरायचा. कुणाचं नळाचं काम, कुणाच्या पोराचा प्रवेश, कुणाला पोलिसांनी उचललेलं. संध्याकाळी तो दमून यायचा आणि जेवताना सांगायचा, आज कोरंगीत, आज लालूखेतात, आज मलीरला. लिंबाखालची मूठभर पोरं होती, तिथे आता मैदानं भरू लागली. शहलाला अभिमान वाटायचा. हुमा झाली तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांनी तिचं इतकं केलं, की आईची उणीव भासली नाही.

मग पंच्याऐंशीत एका भरधाव मिनीबसखाली एक कॉलेजची मुलगी सापडली आणि शहर पेटलं. बसवाले पठाण, मुलगी उर्दू बोलणारी. तेव्हापासून घरात बोलणं बदललं. नळ आणि प्रवेश मागे पडले. मुनीबला आता लोक नुसतं मुनीब म्हणत नसत, मुनीबभाई म्हणत. तो आला की बसलेली माणसं उठून उभी राहत. आधी तो त्यांना हातानं खाली बसवायचा. नंतर नंतर बसवेनासा झाला.

एकदा अब्बा जेवायला आले तर दारात दोन तरुण बंदूक घेऊन बसलेले. अब्बा त्यांना सलाम करून आत आले. जेवण झालं. हात धुताना म्हणाले, "मुनीब, तुम्ही झाडाखाली बसत होतात ना, ते मला आवडत नव्हतं. आता वाटतं, तिथेच बसून राहिला असतात तर बरं झालं असतं."

"तिथे बसू कुणी दिलं, अब्बा?" आता तोही त्यांना अब्बाच म्हणायचा. "तुम्हीच माझा हात बघितलात."

"बघितला. म्हणूनच म्हणतो. हात ज्याचा मोडलाय त्यानं दुसऱ्याचा मोडताना शंभरदा विचार करावा."

"आम्ही कुणाचा मोडत नाही. आम्ही फक्त दार राखतोय."

अब्बांनी टॉवेल घडी करून त्याच्या खांद्यावर ठेवला. पुढे वाद घातला नाही. पूर्वी ते घालायचे. शहलाला त्या न घातलेल्या वादाचं जास्त वाईट वाटलं.

शहाऐंशीच्या डिसेंबरात शहरात पुन्हा तणाव झाला. कुठे धाड पडली, कुठे गोळीबार. मुनीब दोन दिवस घरी नव्हता, संघटनेच्या बैठका चालल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी अब्बा आले. गाजराचा हलवा घेऊन आले होते, पण काम वेगळंच होतं.

"तू आणि हुमा चला माझ्याबरोबर. निवळलं की परत या."

"ते आल्याशिवाय कसं निघू, अब्बा?"

"त्याला निरोप ठेव."

असं बोलेपर्यंत बसगाड्या बंद झाल्याची बातमी आली. रिक्षावालाही मिळेना. मग अब्बा तिथेच राहिले. हुमाला मांडीवर घेऊन तिच्या तळहातावर बोटानं नद्या काढत बसले. इथून सिंधू निघते, इथे वळते, इथे समुद्राला मिळते. तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती पुन्हा काढा म्हणायची.

सकाळी हुमाला दूध हवं होतं. अब्बा बरणी घेऊन नाक्यापर्यंत गेले. उजाडून थोडाच वेळ झाला होता, हवेत गारठा होता. शहलानं दारातून पाहिलं तर ते मफलर कानाला गुंडाळत चालले होते.

मग टेकडीवरून माणसं उतरली. कोण होती, कुणी पाठवली, यावर पुढे खूप बोललं गेलं. त्या वेळी फक्त बंदुकांचा आवाज आणि जळणाऱ्या घरांचा धूर होता. शहला हुमाला उचलून मागल्या दारानं पळाली. गल्लीच्या तोंडाशी शेर जमानचं चहाचं दुकान होतं. शेर जमान पठाण, पेशावरकडचा. त्यानं तिला हाताला धरून आत ओढलं, लाकडांच्या ढिगामागे बसवलं आणि स्वतः फळी लावून दारात उभा राहिला. बाहेर कुणीतरी त्याला पश्तूत काही विचारलं. त्यानं काही सांगितलं. पावलं पुढे गेली. शहला हुमाच्या तोंडावर हात दाबून बसली होती आणि तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, अब्बा बरणी घेऊन गेलेत, अब्बा बरणी घेऊन गेलेत.

ते दुधवाल्याच्या ओट्याशी सापडले. छातीत एकच गोळी होती. डोळे उघडे होते.

मुनीब दुपारी पोचला. धुरातून धावत, लोकांना ढकलत आला. अब्बांना पाहून तो गुडघ्यावर बसला, त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि जनावरासारखा ओरडला. शहलानं त्याला कवटाळलं. दोघं बराच वेळ तसेच होते. तिला पुढे आयुष्यभर आठवलं, की त्या घटकेला तो पूर्ण तिचा होता.

सोमवारी नाझिमाबादेच्या घरून मयत उठायचं होतं. घरात बायका कुराण वाचत बसल्या होत्या. बाहेर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेतली जुनी मुलं होती, शेजारी होते, पण त्याहून कितीतरी जास्त ती माणसं होती ज्यांनी अब्बांना कधी पाहिलंही नव्हतं. शहलाला शेवटचं तोंड दाखवायला अंगणात नेलं. जनाजा खांद्यावर घ्यायची तयारी झाली होती. कफनाच्या वर संघटनेचा झेंडा पांघरलेला होता. भिंतीला कापडी फलक लावला होता. त्यावर अब्बांचं नाव होतं, आणि नावाच्या मागे, मोठ्या अक्षरांत, 'शहीद मोहाजिर'.

तिनं मुनीबला खुणेनं बोलावलं. तो जिन्याखाली आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"हे काढा."

"काय?"

"झेंडा. आणि तो फलक."

त्याला कळलं नाही असं नव्हतं.

"शहला, बाहेर बघ. दहा गल्ल्या भरल्यात. काल किती लेकरं, किती बायका गेल्या. सगळ्यांच्या वर तोच झेंडा आहे. एकट्या अब्बांच्या वरून मी कसा काढू? लोक काय समजतील?"

"लोक काय समजायचं ते समजू देत. त्यांना तो शब्द चालत नव्हता. तुम्हाला ठाऊक आहे. या घरात तुमच्याइतकं ते कुणाला ठाऊक नाही."

"ठाऊक आहे."

"मग?"

"त्यांना मारणाऱ्यांनी विचारलं होतं का, मास्तरसाहेब, तुम्हाला हा शब्द चालतो का?"

त्याचा आवाज खाली आला.

"माझेही ते अब्बाच होते. पण आता ते नुसते आपले राहिले नाहीत गं."

"मला ते आपलेच हवेत," ती म्हणाली. "आजच्या दिवस."

बाहेरून हाक आली, मुनीबभाई, उशीर होतोय. तो तिच्यासमोर उभा होता. तिला वाटलं तो वळेल, जाईल आणि तो कपडा ओढून घेईल. तिला अजूनही तसं वाटत होतं. तो वळला, अंगणात गेला, आणि त्यानं जनाज्याच्या पुढल्या दांडीला खांदा दिला. गल्लीतून घोषणा उठल्या. आतल्या बायकांचं वाचन त्या आवाजात बुडून गेलं. शहला जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. बायका म्हणत होत्या, रड गं बाई, रडून घे. तिला रडू येत नव्हतं.

ओरंगीचं घर जळालंच होतं. ती अब्बांच्या घरात राहिली. चाळिसावा दिवस झाल्यावर मुनीब न्यायला आला. फेडरल बी एरियात चांगली जागा मिळाली होती, संघटनेनं दिली होती. तो अब्बांच्या खुर्चीत बसला नाही, खाली सतरंजीवर बसला. तिनं त्याला वाढलं. कोफ्ते केले होते, त्याला आवडायचे म्हणून.

"चल ना," तो म्हणाला. "हुमाला बाप नको का?"

"बाप हवा. तुम्ही या की इथे. रोज या."

"इथे राहून माझं काम होत नाही."

"ठाऊक आहे."

"तू मला माफ करणार नाहीस."

शहलानं त्याच्या ताटात आणखी एक कोफ्ता वाढला. "माफ करण्यासारखं काही असतं तर केलं असतं," ती म्हणाली. "तुमचं त्यांच्यावर प्रेम नव्हतं असं असतं, तर मला सोपं गेलं असतं. तुमचं होतं. माझ्यापेक्षा कमी नव्हतं. आणि तरी तुम्ही ते केलंत. आता यापुढे तुम्ही काय काय कराल, याचा मला अंदाज येत नाही. मला भीती वाटते तुमची."

त्यानं ताट सारलं. हुमा झोपली होती, तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि गेला. त्यानं तलाक दिला नाही, तिनं मागितलाही नाही. दर शुक्रवारी येत राहिला. मग महिन्यातून एकदा. मग दारात गाडी थांबवून कुणाच्या तरी हाती खेळणी पाठवू लागला.

शहलाला मुलींच्या कॉलेजात नोकरी लागली. मुली तिला विचारायच्या, मिस, तुम्ही त्या सुरुवातीच्या लोकांत होतात ना, खरं का? ती म्हणायची, हो, होते. मुलींना पुढे ऐकायचं असे, पण ती फळ्याकडे वळायची.

अब्बा गेले त्याच्या पुढल्या वर्षी पालिकेच्या निवडणुका झाल्या आणि सगळं शहर त्या पोरांच्या हाती आलं. तिशीही न ओलांडलेली, विद्यापीठातून मारून हाकललेली पोरं शहराची मालक झाली. मिरवणूक नाझिमाबादेतून गेली. गच्च्या बायकांनी भरल्या होत्या. शेजारच्या मावशीनं, कैसर खालांनी, गुलाबाच्या पाकळ्यांची परडी आणली होती. त्यांनी शहलाच्या ओंजळीत पाकळ्या घातल्या.

"टाक हं नीट. तुझाच माणूस आहे."

ट्रक आला. मुनीब पुढे उभा होता, गळ्यात हारांचा ढीग. थोडा सुटला होता, केस कानाशी पिकू लागले होते. तो दोन्ही बाजूंना हात हलवत होता. घरासमोर आल्यावर त्यानं वर पाहिलं. हात हलायचा थांबला. एवढ्या गोंगाटात तो काही बोलला असता तरी ऐकू आलं नसतं, आणि तो काही बोललाही नाही. ट्रक पुढे गेला, तसा तो मान वळवून पाहत राहिला. मग कुणीतरी त्याच्या गळ्यात आणखी एक हार घातला आणि त्याला पुढे पाहावं लागलं.

"अगं, टाकल्या नाहीस?" कैसर खाला म्हणाल्या.

शहलानं ओंजळ पाहिली. पाकळ्या तळव्याला चिकटल्या होत्या. "हात उचलला नाही, खाला," ती म्हणाली.

हुमा कठड्यावरून वाकून ट्रकच्या मागची पोरं नाचताना पाहत होती. तिनं आईचा पदर ओढला. "अम्मी, ते अब्बू होते?"

"हो," शहला म्हणाली. "अब्बूच होते."

"आपल्याकडे का नाही उतरले?"

"गर्दी होती ना, बेटा. चल खाली. पीठ मळायचंय."